खंडव्याचा गांजा आणि आंजीची आडवी बाटली

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आंजी (मोठी) या गावात आज कायद्यानं दारू विकता येत नाही, गांजा विकता येत नाही आणि गुटखाही विकता येत नाही. तिन्ही बंद्यांची वयं वेगळी, खातीही वेगळी. गांधीजींचं सेवाग्राम आणि विनोबांचं पवनार ज्या जिल्ह्यात, तिथं दारू नको म्हणून १९७४-७५च्या सुमारास वर्ध्यात दारूबंदी आली. ती राज्य उत्पादन शुल्क खात्याची आणि पोलिसांची. गांजावरची बंदी १९८५च्या केंद्रीय कायद्याची. गुटख्यावरची २०१२ची, आणि ती अन्न व औषध प्रशासनाच्या आदेशानं वर्षागणिक वाढवली जाते. गांजा कायदेशीर करावा की नाही, हा वाद आपल्याकडे अलीकडे अधूनमधून पेटतो, तेव्हा उरुग्वे, कॅनडा आणि जर्मनीचे दाखले धडाधड पडतात. कुणी म्हणतं त्यांच्यासारखं करा, कुणी म्हणतं आपल्याला ते परवडणार नाही. दोन्ही बाजूंना वाटतं की हा प्रयोग आपल्या मातीत कधी झालाच नाही. वर्धा जिल्हा ज्या मध्य प्रांतात मोडत होता, तिथं तो कित्येक दशकं चालू होता, आणि त्याची कागदपत्रं पोत्यांनी आहेत. ती पाहिली की एक गोष्ट ठसठशीत दिसते. गांजा कायदेशीर होता तेव्हा मोकळा नव्हता आणि बेकायदा झाल्यावर संपला नाही. दर खेपेला बदलला तो किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या कमरेला, एवढाच मामला. कायदेशीर परिणाम, राजकीय परिणाम असे जे मोठे शब्द आपण वापरतो, ते सगळे या जुडग्यापाशी येऊन थांबतात.

मध्य प्रांत १८६१ मध्ये उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी नागपूरपासून तोडून वर्धा हा वेगळा जिल्हा झाला. भोसल्यांचं राज्य खालसा होऊन तेव्हा दहा वर्षंही लोटली नव्हती. नव्या प्रांताला पैसा हवा होता. शेतसाऱ्याच्या जोडीला आबकारी आली, आणि आबकारीत दारू, अफू यांच्या पंगतीला गांजा बसला. पण हा गांजा कुणी कुठंही पेरावा असा नव्हता. लागवड निमाडातल्या खंडवा तहसिलीपुरती आखून दिलेली, तीही परवान्यानं. पीक निघालं की माल सरकारी गोदामात. तिथून कर भरून, पास घेऊन तो ठोक व्यापाऱ्याकडे आणि मग परवान्याच्या किरकोळ दुकानात जायचा. खंडवा जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवर होतं, आणि त्याच कंपनीचा भुसावळ-बडनेरा-वर्धा-नागपूर हा फाटा १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोचला होता. म्हणजे रुईच्या गाठी ज्या रुळांवरून मुंबईला जात, ते रूळ खंडव्याच्या मालालाही वर्ध्यापर्यंत मोकळे होते. त्या काळातही वर्धा तहसिलीतल्या एखाद्या कास्तकारानं परसात दोन झाडं लावली असती तर तो गुन्हेगारच ठरला असता. गांजा ओढणं गुन्हा नव्हतं, सरकारला डावलून पिकवणं गुन्हा होतं.

या पिकाची रीत जरा जवळून पाहण्यासारखी आहे, कारण पुढच्या कायद्याचा सगळा घोळ तिच्यातून निघतो. गांजाच्या झाडांत नर वेगळे, मादी वेगळी. फुलोरा येण्याच्या सुमारास जाणकार माणूस ओळीओळींतून फिरून नर हेरायचा आणि उपटून टाकायचा. एखादा नर नजरेतून सुटला तर आजूबाजूच्या माद्या बी धरत आणि माल हलका पडे. बी न धरलेला, राळेनं चिकट झालेला मादीचा शेंडा हाच खरा गांजा. कापणी झाली की शेंडे वाळत घालायचे, थर लावायचे आणि पायांनी तुडवायचे. राळेमुळे ते एकमेकांना धरून चपटे होत. झाडाचा पाला ही निराळी चीज: ती भांग. पाल्याचा घोट आणि शेंड्याची चिलीम यांतला फरक शिवरात्रीला ठंडाई घोटणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. कायद्यालाही तो फरक मानावा लागला, तो कसा ते पुढं येईलच.

१८९३ मध्ये विल्यम केन या खासदारानं ब्रिटिश पार्लमेंटात या धंद्यावर प्रश्न विचारला. केन मद्यविरोधी चळवळीतला माणूस. सरकार हिंदी जनतेला वेडाच्या इस्पितळात धाडून तिजोरी भरतं, असा त्या वेळच्या टीकेचा सूर होता. त्यातून इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं गेलं. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सदस्यांत मध्य प्रांताचे अधिकारी अँड्रयू फ्रेझर. सातांपैकी तीन सदस्य हिंदी. कमिशनने १,१९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. त्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो वेडाच्या इस्पितळांचा भाग. इस्पितळांच्या नोंदींत गांजामुळे वेड लागलेल्यांची संख्या दरसाल छापून येत होती, आणि बंदीवाल्यांचा सगळा भर त्या आकड्यांवर होता. कमिशनने १८९२ साली दाखल झालेल्या अशा रोग्यांची प्रकरणं एकेक करून पुन्हा उकरली. दिसलं ते असं: रोग्याबरोबर जो कागद येई, त्यात वेडाचं कारण लिहायला एक रकाना असे. तो भरायचा पोलिसानं नाहीतर मॅजिस्ट्रेटच्या कचेरीनं. कारण माहीत नसलं तरी रकाना कोरा ठेवलेला चालत नसे. मग माणूस फकीर-बैराग्यासारखा दिसला, किंवा कुणी म्हणालं की कधीमधी चिलीम ओढायचा, की लिहा गांजा. वरचे अधिकारी ते उतरवून घेत, बेरीज होई आणि बेरीज लंडनला जाई. बरीचशी प्रकरणं तपासणीत टिकलीच नाहीत. काही टिकली, आणि अती सेवनानं हानी होते हे कमिशनने नाकारलं नाही. माफक सेवनाचे परिणाम मात्र नगण्य आहेत, सरसकट बंदीची गरज नाही, आणि बंदी आणली तर धार्मिक असंतोष उसळेल, असा निर्वाळा त्यांनी दिला. उपाय सुचवला तो खंडव्याचाच: लागवड मोजक्या जागी, परवाना, गोदाम, जबर कर, दुकानं कमी, आणि एका माणसानं जवळ किती बाळगायचा याला मर्यादा.

धार्मिक असंतोषाची भीती पोकळ नव्हती. शेगावच्या गजानन महाराजांची चिलीम विदर्भात देव्हाऱ्यादेव्हाऱ्यातल्या तसबिरीत आहे, आणि काशीच्या गोसाव्यानं गांजाचा नवस फेडायला शेगाव गाठल्याची कथा दासगणूंच्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथात आहे. पारायणाला बसणाऱ्या कुणालाच तिच्यात वावगं वाटत नाही, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या घरी मुलानं गांजा ओढलेला चालणारही नाही. हा दुटप्पीपणा म्हणून उडवून लावण्यासारखा प्रकार नाही. साधूची चिलीम आणि पोराची चिलीम यांत फरक करायची अक्कल समाजाकडे होती. ती कोणत्याच कायद्याच्या कलमात बसली नाही.

कमिशनवर आक्षेप घ्यायला जागा आहे, आणि तो घेतलाच पाहिजे. ज्या सरकारला गांजाच्या करातून पैसा मिळत होता, त्याच सरकारनं नेमलेल्या लोकांनी गांजा फारसा वाईट नाही म्हणावं, यावर कोण सहज विश्वास ठेवेल? शिवाय तीन हिंदी सदस्यांपैकी दोघांनी, ताहिरपूरचे राजे शशीशेखरेश्वर रॉय आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद यांनी, आपली भिन्नमतं जोडली आहेत. म्हणून अहवाल केराच्या टोपलीत टाकायचा का? मला वाटतं नाही. इस्पितळाच्या रकान्याची तपासणी ही मत नसून तपासणी आहे. ती महसुलाच्या लोभानं केली असली तरी रकाना खोटा तो खोटाच. आक्षेपातला खरा भाग उपायाला लागू पडतो. कर वाढवा, दुकानं कमी करा, हे वाचायला शहाणपणाचं वाटतं. पण ज्या खात्याचं यश तिजोरीतल्या भरतीवर मोजलं जातं, ते खातं दुकानं कमी करायला कधीच उतावीळ नसतं. आज गांजा मोकळा करा म्हणणारे कराच्या उत्पन्नाचे आकडे उत्साहानं मांडतात, तेव्हा ते नकळत हीच जुनी गोम पुन्हा दारात आणून ठेवतात. एकदा पगार त्या पैशावर निघू लागले की कायदा मागे घेणं कुठल्याही मंत्रिमंडळाच्या जिवावर येतं. कायदेशीर करण्याचा हा पहिला राजकीय परिणाम, आणि तो हमखास.

राष्ट्रीय चळवळीनं आबकारीला विरोध केला तो याच कारणानं. १९३७ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळं आली आणि १९३८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचा दारूबंदी कायदा झाला. गांधीजी तेव्हा सेवाग्रामात, त्या वेळच्या शेगावात (हे गजानन महाराजांचं शेगाव नव्हे), राहत होते. पुढं संविधानात अनुच्छेद ४७ आला: मादक पेयं आणि आरोग्याला घातक अमली द्रव्यं यांवर, औषधाचा वापर सोडून, बंदी आणण्याचा राज्यानं प्रयत्न करावा. गांजा कायदेशीर करायला निघालेल्यांना हे कलम पहिल्या पायरीवरच आडवं येतं, असं अनेकांना वाटतं. येतं, पण अडवत नाही. ते निदेशक तत्त्व आहे. त्याच्या छायेत महाराष्ट्रानं गेली कित्येक दशकं तीन जिल्ह्यांपलीकडे दारूबंदी नेटानं चालवली नाही आणि कोर्टानं त्यासाठी कुणाला जाब विचारला नाही. ज्याकडे फारसं कुणी बघत नाही ते कलम सातव्या अनुसूचीत आहे. राज्य सूचीतली ५१वी नोंद दारू, अफू आणि इंडियन हेम्प, म्हणजे गांजा-भांगेचं झाड, यांवर उत्पादन शुल्क बसवण्याचा अधिकार राज्यांना देते. संविधानकारांनी अनुच्छेद ४७ लिहिला आणि ही नोंदही ठेवली.

मग ती किल्ली राज्यांच्या कमरेवरून सुटली कशी? १९६१ मध्ये अमली द्रव्यांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात गांजाची व्याख्या झाडाच्या फुलोऱ्याच्या किंवा फळाच्या शेंड्यांपुरती राहिली आणि पाला बाहेर सुटला. भांगेचा देश असलेल्या भारताची सोय झाली. ज्या देशांत गांजा रूढ होता, त्यांना तो औषधाव्यतिरिक्तच्या वापरातून काढून टाकायला २५ वर्षांची मुदत मिळाली. करार १९६४च्या डिसेंबरात अमलात आला, म्हणजे मुदत १९८९ची. ती संपण्याआधी संसदेनं अमली द्रव्यांविरुद्धचा एनडीपीएस कायदा केला. २३ ऑगस्ट १९८५ला विधेयक मांडलं गेलं, १६ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झाली आणि १४ नोव्हेंबरला कायदा लागू झाला. ब्रिटिशांनी १,१९३ साक्षी घेऊन सात खंड लिहिले; स्वतंत्र देशानं महिन्याभरात विषय निकालात काढला. यात नाक मुरडण्याचा हेतू नाही, त्या वर्षांत हेरॉइनचा धोका खरा होता. पण गांजा हेरॉइनच्याच गाडीत बसवला गेला.

त्याचे परिणाम एखाद्या पंचनाम्यात बघावेत. तुरीच्या किंवा कपाशीच्या ओळींमध्ये गांजाची झाडं सापडतात. पथक येतं, झाडं मुळासकट उपटली जातात, ओली, माती लागलेली, आणि तशीच गठ्ठे बांधून वजनकाट्यावर चढतात. कायद्यानं गांजा म्हणजे फक्त शेंडा. शेंड्याशिवायचा पाला आणि बी वगळलेलं. २००१च्या दुरुस्तीनंतर शिक्षा वजनावर ठरते: एक किलोपेक्षा कमी म्हणजे अल्प प्रमाण, २० किलोहून जास्त म्हणजे व्यापारी प्रमाण, त्याला किमान दहा वर्षं सक्तमजुरी आणि एक लाखाचा दंड. शिवाय व्यापारी प्रमाण ठरलं की कलम ३७ आडवं येतं आणि जामीन मुश्कील होतो. म्हणजे खोड, मुळं, पानं, पाणी आणि माती यांच्या वजनावर एका माणसाची दहा वर्षं तोलली जातात. मुंबई उच्च न्यायालयासमोर या मुद्द्यावर जामिनाचे अर्ज वारंवार येतात, आणि शेंडे वेगळे करून का तोलले नाहीत, असं विचारून अनेकदा जामीन दिलाही जातो. ज्याला वकील परवडतो त्याच्यासाठी ही वाट. खंडव्याच्या गोदामात काटा करासाठी होता, आता तो शिक्षेसाठी आहे.

आणि एवढं करून गांजा थांबला का? २०१९च्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज सांगतो की देशात भांग, गांजा, चरस यांपैकी काही ना काही घेणारे सुमारे ३.१ कोटी लोक आहेत. त्यांत गांजा-चरसवाले सुमारे १.३ कोटी. पूर्वी वर्ध्याकडे माल पश्चिमेकडून यायचा, आता पूर्वेकडून, आंध्र-ओडिशाच्या सीमेवरच्या डोंगरांतून नागपूरच्या दिशेनं येतो. रेल्वे तीच, पास तेवढा गेला.

मग कायदेशीर केलं तर काय होईल? कायद्यातच बरीच दारं उघडी आहेत. एनडीपीएसचं कलम १० राज्यांना झाडाची लागवड परवान्यानं नियंत्रित करायचा अधिकार देतं. कलम १४खाली वाखासाठी लागवडीला परवानगी देता येते आणि उत्तराखंडनं त्या वाटेनं पाऊल टाकलंय. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक सूचीतून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी झाला, आणि भारतानं बाजूनं मत दिलं. पण ओढण्यासाठी गांजा विकायचा तर संसदेलाच कायदा बदलावा लागेल. बदलला की भांडण लागेल ते केंद्र आणि राज्यांत: कर राज्याचा, कायदा केंद्राचा, आणि शेजारच्या राज्यानं बंदी ठेवली तर सीमेवरच्या तालुक्यांत काय? त्याहून टोकाचं भांडण शेतात लागेल. नर झाड ओळखून उपटणं, राळेचं प्रमाण राखणं, प्रयोगशाळेचा दाखला, कुंपण, कॅमेरे या अटी ज्याला पेलतील त्यालाच परवाना. कपाशीच्या भावात नाडलेल्या वर्ध्याच्या कास्तकाराला या पिकाचं स्वप्न दाखवणाऱ्यांनी खंडव्याची आखलेली तहसील आठवावी. परवाना मोजक्यांना, इतरांना पंचनामा, ही रचना नव्या कायद्यातही टळेल असं मानायला आधार नाही.

वर्ध्याची दारूबंदी इथं साक्षीला बोलवावीच लागते. बाजूच्या यवतमाळ, नागपूर, अमरावतीत दुकानं उघडी. तिथून माल येतो, आणि शिवारात मोहाची भट्टी लागते. पोलिसांच्या ‘वॉश आऊट’ मोहिमेत मोहाचा सडवा ओतला गेल्याच्या बातम्या वर्ध्याच्या वर्तमानपत्रांत पावसासारख्या नियमित. चंद्रपुरात महिलांच्या मोठ्या आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ला दारूबंदी झाली. रमानाथ झा समितीच्या अहवालानंतर २०२१ मध्ये मंत्रिमंडळानं ती उठवली, आणि कारणं दिली ती अवैध दारूची, वाढत्या गुन्ह्यांची आणि त्या धंद्यात ओढल्या गेलेल्या बायका-मुलांची. याउलट गडचिरोलीत १९९३ पासूनची बंदी टिकून आहे, कारण तिच्यामागे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यासारख्यांचं अखंड काम आणि गावोगावच्या बायांची संघटना उभी आहे. बंदी कधीच चालत नाही, हे म्हणणं गडचिरोलीमुळे खोटं पडतं. पण ती चालली तिथं पोलिसांपेक्षा गाव जास्त राबलं, हेही तिथंच दिसतं.

माझ्या मते सर्वांत वजनदार आक्षेप आरोग्याचा आहे, आणि तो आंजीतच उभा राहतो. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं ग्रामीण आरोग्य केंद्र आंजीत आहे, आणि या परिसरातल्या किशोरवयीन मुलांच्या तंबाखूवर तिथल्या डॉक्टरांनी अभ्यास केले आहेत. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून खर्रा घोटला जातो. गुटखाबंदीनं त्याची गाठ सुटली नाही. तेव्हा गांजाही ठेल्यावर आला तर पोरांचं काय, ही भीती रास्त आहे. पण खर्रा हे उदाहरण नीट पाहिलं तर ते नियंत्रणाच्या अभावाचं आहे: ना वयाची अट पाळली जाते, ना ठेल्याच्या जागेवर गावाचा अधिकार चालतो.

आणि इथं माझा मुद्दा पूर्ण होतो. महाराष्ट्रात २००८ पासून दारूच्या दुकानांसाठी ‘आडवी बाटली, उभी बाटली’ अशी मतदानाची सोय आहे. गावातल्या पुरेशा महिलांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं, आणि पुरेशी मतं आडव्या बाटलीला पडली की परवान्याचं दुकान बंद करावं लागतं. कायदेशीर दुकानाविरुद्ध गावाच्या हाती आलेलं हे एकमेव धारदार हत्यार. खंडव्याच्या व्यवस्थेत ते नव्हतं. १९८५च्या कायद्यात तर गावाला बोलायलाच जागा नाही, केवळ पंच म्हणून सही करायला आहे. गांजा कायदेशीर करायचा असेल तर दुकानावर, लागवडीवर आणि परवान्याच्या नूतनीकरणावर असा नकाराधिकार आधी लिहा आणि कराचा हिशेब मग मांडा. तो नसेल तर आजची बंदी परवडली, असं मी स्पष्ट म्हणेन. आंजीच्या बायांना मात्र आज हे मतदान मागता येत नाही. वर्धा जिल्हा कोरडा असल्यामुळे बाटली कागदोपत्री आधीच आडवी आहे.